शोकाची वास्तू : अमेरिकेतील फ्युनरल होम आणि स्टॉकहोमची वनस्मशानभूमी यांच्या अंतर्रचनेचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पाश्चात्त्य समाजांत मृत्यू आणि अंत्यविधी ही दोन्ही कार्ये हळूहळू घराबाहेर पडली. परिणामी शोकग्रस्तांसाठी स्वतंत्र वास्तू उभारण्याची गरज निर्माण झाली आणि ती वास्तू आतून कशी असावी, हा प्रश्न पुढे आला. अमेरिकेतील फ्युनरल होमने घराच्या दिवाणखान्याची प्रतिकृती उभारून या प्रश्नाचे उत्तर दिले. स्टॉकहोमच्या वनस्मशानभूमीने शोकग्रस्त व्यक्तीच्या येण्याचा, थांबण्याचा व परतण्याचा क्रम आखून निराळे उत्तर दिले. प्रस्तुत निबंधात या दोन परंपरांचा तौलनिक विचार केला असून, अंत्यगृहातील शांतता सजावटीपेक्षा या क्रमाच्या नियोजनावर अधिक अवलंबून असते, असे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : अंत्यविधी, फ्युनरल होम, वनस्मशानभूमी, दाहगृह, अंतर्रचना, आस्प्लुंड, लेवेरेंट्झ.

१. प्रस्तावना

मृत्यू सर्व समाजांत सारखाच अटळ असला, तरी मृताला निरोप देण्याची जागा मात्र काळानुसार बदलत आली आहे. वास्तुकलेच्या इतिहासात राजांच्या समाध्या, पिरॅमिड, मकबरे आणि छत्र्या यांचा विपुल अभ्यास झाला. या वास्तू मृतांसाठी होत्या. त्यांच्या तुलनेत मृताला पोचवायला आलेल्या सामान्य माणसाने कुठे बसावे, कुठे थांबावे, त्याच्या दृष्टीस काय पडावे आणि काय पडू नये, या प्रश्नांकडे कमी लक्ष गेले. वस्तुतः ज्याला सुखदुःखाची जाणीव उरली आहे असा तोच तेथे असतो.

मृत्यू घरात होत असे तोवर हा प्रश्नच नव्हता. माणूस ज्या खोलीत जगला त्याच घरातून त्याची अंत्ययात्रा निघे, आणि शोक करणारे आपल्याच भिंतींच्या आत असत. रुग्णालये वाढली, शहरातील घरे लहान झाली, दफनभूमी वस्तीपासून दूर गेल्या आणि दहनासाठी यंत्रे आली, तेव्हा शोकग्रस्त कुटुंब प्रथमच आपल्या आयुष्यातील सर्वांत कठीण दिवशी एका परक्या इमारतीत उभे राहिले. त्या इमारतीने त्याचे स्वागत कसे करावे, हा या निबंधाचा विषय आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) फ्युनरल होमच्या अंतर्रचनेमागील सामाजिक कारणे पाहणे, (२) स्टॉकहोमच्या वनस्मशानभूमीतील वास्तूंची रचना शोकग्रस्ताच्या दृष्टीने तपासणे, (३) दोहोंच्या तुलनेतून अंत्यगृहातील शांततेचे घटक निश्चित करणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. धर्मविधींचे गुणदोष ठरविणे हा येथे हेतू नाही.

३. दिवाणखाना ते फ्युनरल होम

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी मध्यमवर्गीय घरात दर्शनी भागाला एक राखीव खोली असे. ही खोली रोजच्या वापरासाठी नसे. पाहुणे, विवाह आणि मृत्यू यांसाठी तिची दारे उघडत. घरातील वा शेजारच्या स्त्रिया मृतदेहाला स्नान घालीत व कपडे चढवीत. गावचा सुतार शवपेटी करून देई. पुढे याच सुतारांपैकी काहींनी घोडागाडी, खुर्च्या व काळे पडदे भाड्याने देण्याचा जोडधंदा सुरू केला. त्यातून अंत्यविधीची सर्व व्यवस्था पत्करणारा ‘अंडरटेकर’ हा व्यावसायिक उदयास आला.

१८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धाने या व्यवस्थेला निराळे वळण दिले. घरापासून शेकडो मैल दूर पडलेल्या सैनिकांचे देह गावी पाठविण्यासाठी ते रसायनांनी टिकविण्याची एम्बामिंग ही प्रक्रिया प्रचारात आली. एप्रिल १८६५ मध्ये हत्या झालेल्या अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा देह रेल्वेने वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला नेण्यात आला. वाटेतील शहरांमध्ये असंख्य लोकांनी त्याचे दर्शन घेतले आणि ही प्रक्रिया जनतेच्या परिचयाची झाली. प्रारंभी व्यावसायिक आपली साधने घेऊन घरी येत. परंतु रसायने, नळाचे पाणी, सांडपाण्याची सोय आणि बैठे टेबल यांची गरज वाढत गेल्यावर देहालाच व्यावसायिकाच्या जागेत नेणे सोयीचे ठरू लागले. १८८२ मध्ये या व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ‘अंडरटेकर’ या जुन्या नावाऐवजी ‘फ्युनरल डायरेक्टर’ हे प्रतिष्ठित नाव रूढ झाले. १८९५ मध्ये ‘मॉर्टिशियन’ हा आणखी एक शब्द घडविण्यात आला.

विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत शहरी कुटुंबे लहान सदनिकांत राहू लागली. दर्शनी खोलीची जागा रोजच्या वापराच्या ‘लिव्हिंग रूम’ने घेतली. घरातून हद्दपार झालेली ती जुनी खोली व्यावसायिकाने आपल्याकडे उभी केली. अनेक ठिकाणी गावातील एखादा मोठा जुना वाडा विकत घेऊन तळमजल्यावर अंत्यविधीची दालने व वरच्या मजल्यावर व्यावसायिकाचे बिऱ्हाड अशी मांडणी झाली. ‘होम’ हा शब्द त्यामुळे अक्षरशः खरा होता. पुढे नव्याने बांधलेल्या इमारतींनीही ओसरी, उतरते छप्पर, शेकोटी, गालिचे, गादीच्या खुर्च्या आणि झुंबरे ही घराची लक्षणे कायम ठेवली.

४. दिवाणखान्याचे सामर्थ्य आणि मर्यादा

या अंतर्रचनेत मानवी जाण होती, हे मान्य करावे लागते. जाड गालिच्यामुळे पावलांचा आवाज होत नसे. वेगवेगळ्या कुटुंबांना वेगळी दालने मिळत. मृताभोवती खुर्च्या मांडलेल्या असल्याने भेटीला येणाऱ्यांना बसून आठवणी काढता येत. प्रकाश मंद आणि किंचित गुलाबी छटेचा ठेवण्याची प्रथा पडली, कारण त्या प्रकाशात मृताचा चेहरा निस्तेज दिसत नाही. लांबून येणाऱ्या आप्तांना अखेरचे दर्शन घडविण्याचे कार्य या खोल्यांनी चोख बजावले.

तथापि या दिवाणखान्यात एक विसंगती होती. घरच्या दिवाणखान्यात काही विकले जात नसे. येथे विकले जात होते. जेसिका मिटफर्ड यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द अमेरिकन वे ऑफ डेथ’ या ग्रंथात या व्यवसायाची कठोर चिकित्सा केली. शवपेट्यांच्या दालनातील मांडणी ग्राहकाची पावले अधिक किमतीच्या पेटीकडे वळावीत अशा हिशेबाने केलेली असते, हे त्यांनी दाखवून दिले. मृताला ठेवण्याच्या दालनाला ‘निद्राकक्ष’ म्हणण्यासारख्या सौम्य शब्दांच्या योजनेवरही त्यांनी बोट ठेवले. या ग्रंथाने मोठी लोकचर्चा घडवून आणली. पुढे १९८४ मध्ये संघराज्य व्यापार आयोगाचा ‘फ्युनरल रूल’ अमलात आला. प्रत्यक्ष चौकशीस येणाऱ्या व्यक्तीला सेवांचे व वस्तूंचे स्वतंत्र दर दर्शविणारे लेखी पत्रक देणे त्यान्वये बंधनकारक झाले.

अंतर्रचनेच्या इतिहासात या नियमाला मोठे महत्त्व आहे. वरवर पाहता त्याचा पडद्यांशी वा दिव्यांशी काहीही संबंध नाही. परंतु आपल्याला फसविले तर जात नाही ना, अशी शंका ज्याच्या मनात आहे त्याला कोणतीही मऊ खुर्ची विसावा देऊ शकत नाही. खोलीतील शांततेचा एक भाग त्या खोलीतील व्यवहाराच्या स्वच्छतेवर अवलंबून असतो.

अमेरिकेत २०१५ च्या सुमारास दहनाचे प्रमाण दफनापेक्षा अधिक झाले. शवपेट्यांच्या दालनाचे महत्त्व त्यामुळे घटत गेले. जड पडद्यांच्या जागी मोठ्या खिडक्या, बाग आणि एकत्र बसून खाण्यापिण्याची सोय असलेली दालने दिसू लागली. ज्या गोष्टी येथे उशिरा आल्या, त्यांपैकी कित्येकांचा विचार स्वीडनमध्ये पूर्वीच झाला होता.

५. युरोपातील दाहगृह आणि धुराड्याचा प्रश्न

युरोपातील समस्या वेगळ्या स्वरूपाची होती. वाढत्या शहरांतील दफनभूमींच्या आरोग्यविषयक प्रश्नांमुळे १८७० च्या दशकात दहनाची चळवळ जोर धरू लागली. मिलान येथे १८७६ मध्ये, तर जर्मनीतील गोथा येथे १८७८ मध्ये दाहगृह सुरू झाले. इंग्लंडमध्ये १८७४ साली दहन-पुरस्कर्त्यांची संस्था स्थापन झाली आणि वोकिंग येथे १८८५ मध्ये पहिले अधिकृत दहन पार पडले.

या नव्या वास्तूला कोणताही पूर्वज नव्हता. ती एकीकडे प्रार्थनास्थळ होती आणि दुसरीकडे भट्टी. लंडनच्या गोल्डर्स ग्रीन येथील १९०२ च्या दाहगृहात लाल विटांची, इटलीतील लोम्बार्ड शैलीची रचना करून धुराडे एका मनोऱ्यात दडविण्यात आले. यंत्र दृष्टीआड करावयाचे आणि चर्चसारखे रूप पुढे आणावयाचे, हा त्या काळचा सर्वसाधारण उपाय होता. पण यंत्र लपविले म्हणजे शोकग्रस्ताची व्यवस्था झाली, असे होत नाही. एका कुटुंबाचा विधी संपतो न संपतो तोच दुसरे दाराशी येते, आणि दाहगृहात माणसांची रांग लागते. ही रांगेची भावना दूर कशी करावी, या प्रश्नाला स्टॉकहोममध्ये उत्तर मिळाले.

६. वनस्मशानभूमी : पहिला टप्पा (१९१५–१९२५)

स्टॉकहोम नगरपालिकेने शहराच्या दक्षिणेकडील एन्स्केदे भागात नव्या दफनभूमीसाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली. १९१५ मध्ये गुनार आस्प्लुंड आणि सिगुर्ड लेवेरेंट्झ या तरुण वास्तुविशारदांचा आराखडा विजयी ठरला. दोघांचाही जन्म १८८५ चा. जागा म्हणजे सुमारे शंभर हेक्टरांचे पाइन वृक्षांचे रान आणि त्यातील रेती-खडीच्या जुन्या खाणी. स्मारकांची गर्दी करण्याऐवजी उंच झाडांखालून वाटा काढाव्यात आणि थडगी झाडांच्या पायथ्याशी असावीत, असा त्यांचा विचार होता. या भूमीचे ‘स्कूग्सशिर्कोगोर्डेन’ हे स्वीडिश नाव ‘रानातील दफनभूमी’ याच अर्थाचे आहे.

१९२० मध्ये पूर्ण झालेले आस्प्लुंड यांचे लहान वनमंदिर या विचाराचा पहिला आविष्कार होय. डेन्मार्कमधील मोन बेटावरच्या लिसेलुंड या गवती छपराच्या घराचा प्रभाव त्याच्या रूपावर आहे. लाकडी फळ्यांचे उतरते मोठे छप्पर, त्याखाली बारा खांबांची बुटकी ओसरी आणि छपरावर कार्ल मिलेस यांची मृत्यूच्या देवदूताची लहानशी सोनेरी मूर्ती, एवढेच बाहेरून दिसते. ओसरीत शिरताना डोक्यावरचे छत जवळ येते, आणि आत पाऊल टाकताच पांढऱ्या घुमटाखालची उजळ जागा समोर उघडते. घुमटाच्या मध्यावरील झरोक्यातून प्रकाश खाली उतरतो. बाहेरून खोपटासारख्या दिसणाऱ्या वास्तूत आकाशाचा भास व्हावा, हे तिचे वैशिष्ट्य. येथे दुःखाला दडपून टाकणारी भव्यता नाही.

लेवेरेंट्झ यांचे पुनरुत्थान मंदिर १९२५ मध्ये पूर्ण झाले. त्याकडे जाणारी सरळ वाट ८८८ मीटर लांब आहे. चालणाऱ्याला मनाची तयारी करण्यास अवधी मिळतो. मंदिर उंच, अरुंद व काहीसे कठोर आहे. त्याला दक्षिणेकडे एकच मोठी खिडकी आहे. शोकग्रस्त उत्तरेकडून, स्तंभांच्या ओसरीतून आत येतात आणि विधीनंतर पश्चिमेकडील दाराने बाहेर पडतात. ज्या दाराने आलो त्याच दाराने परत जायचे नाही, ही कल्पना साधी आहे. पण तिच्यामुळे विधीला प्रारंभ व शेवट प्राप्त होतो, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या शोकाकुल समूहाशी समोरासमोर गाठ पडत नाही.

याच भूमीवरील एका टेकडीच्या माथ्यावर झाडांनी वेढलेली चिंतनाची जागा आहे. तिकडे जाणाऱ्या पायऱ्यांची उंची वर जाताना क्रमाने कमी होत जाते. चढणाऱ्याला सहसा ते लक्षातही येत नाही. माथ्यावर पोचताना त्याला धाप लागत नाही, इतकेच. या संपूर्ण रचनेचे मर्म त्या पायऱ्यांत आहे.

७. दाहगृह संकुल : दुसरा टप्पा (१९३५–१९४०)

दाहगृह उभारण्याची वेळ आली तेव्हा दफनभूमीच्या मंडळाने १९३५ मध्ये ते काम एकट्या आस्प्लुंड यांच्याकडे सोपविले. वीस वर्षांची भागीदारी तुटली. लेवेरेंट्झ पुढे बराच काळ धातूच्या खिडक्या-दारांच्या उत्पादनाकडे वळले. शोकग्रस्तांच्या सांत्वनासाठी उभारलेल्या या भूमीच्या इतिहासात एका मैत्रीचा शेवटही नोंदलेला आहे, हे विसरता येत नाही.

१९४० मध्ये पूर्ण झालेल्या या संकुलात तीन प्रार्थनागृहे आहेत. श्रद्धा आणि आशा ही दोन लहान असून प्रत्येकात सुमारे शंभर, तर पवित्र क्रूस या मोठ्या गृहात सुमारे तीनशे माणसे बसू शकतात. दाहाची यंत्रणा त्यांच्या मागे व खालच्या पातळीवर ठेवण्यात आली होती. या रचनेतील पुढील चार बाबी प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत.

पहिली बाब प्रतीक्षेची. प्रत्येक प्रार्थनागृहाला स्वतंत्र प्रतीक्षाकक्ष आणि लहानसे अंगण आहे. विधीपूर्वीची काही मिनिटे शोकग्रस्ताला सर्वांत जड जातात. कोणी बोलत नाही, आणि नजर कुठे ठेवावी हे कळत नाही. आस्प्लुंड यांनी त्या नजरेला अंगणातील हिरवळ दिली, आणि शरीराला पाठ टेकता येईल असे लाकडी बाक दिले. थंड प्रदेशात दगडाचा स्पर्श गारठवितो. हात जिथे टेकतो तेथे लाकूड असणे ही सजावट नव्हे, ती काळजी आहे.

दुसरी बाब विभक्ततेची. स्वतंत्र अंगणांमुळे व प्रवेश-निर्गमनाच्या वेगळ्या मार्गांमुळे एकाच वेळी तीन कुटुंबे संकुलात असली, तरी त्यांना एकमेकांची जाणीव फारशी होत नाही. प्रत्येकाला आपले दुःख एकमेव वाटते आणि वास्तू त्याचा तो समज मोडत नाही.

तिसरी बाब मृताशी असलेल्या अंतराची. पवित्र क्रूस गृहातील जमीन शवपेटीच्या चौथऱ्याकडे हलकेच उतरत जाते. मागे बसलेल्यालाही शवपेटी दिसते आणि सर्व जण तिच्याभोवती जमल्याची भावना निर्माण होते. समोरच्या भिंतीवर स्वेन एरिक्सन यांचे जीवन, मृत्यू व पुन्हा जीवन या विषयावरील भित्तिचित्र आहे.

चौथी बाब बाहेर पडण्याची. या गृहाची काचेची दर्शनी भिंत यंत्राच्या साह्याने जमिनीखाली उतरविता येते. ती उतरली की गृह आणि बाहेरचा स्तंभमंडप एक होतात. मंडपाच्या मध्यभागी आकाशाला मोकळी जागा असून तेथे यॉन लुंडक्विस्ट यांचे पुनरुत्थानाचे शिल्प आहे. पलीकडे गवताचा विस्तीर्ण उतार, एक ग्रॅनाइटचा क्रूस आणि क्षितिज दिसते. विधी संपल्यावर शोकग्रस्त थेट रस्त्यावर येत नाही. तो प्रथम मोकळ्या आकाशाखाली येतो.

ऑक्टोबर १९४० मध्ये, संकुल पूर्ण झाल्याच्या वर्षीच, आस्प्लुंड यांचे निधन झाले. त्यांचे स्मारक याच भूमीत आहे. लेवेरेंट्झ यांनी माल्मे येथील पूर्व दफनभूमीत आपले काम चालू ठेवले. १९९४ मध्ये युनेस्कोने स्टॉकहोमच्या वनस्मशानभूमीचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. येथे योहान सेल्सिंग यांच्या आराखड्यानुसार २०१३ मध्ये नवे दाहगृह पूर्ण झाले. विटांच्या या इमारतीत तेथे रोज काम करणाऱ्या कर्मचाऱ्यांना दिवसाचा प्रकाश मिळेल याचीही दखल घेतली गेली. मृत्यूच्या सान्निध्यात आयुष्य काढणाऱ्या या वर्गाचा विचार अंत्यवास्तूंच्या इतिहासात फार उशिरा झाला.

८. तौलनिक विवेचन

अमेरिकी फ्युनरल होमने शोकग्रस्ताला ‘तू घरीच आहेस’ असे सांगण्याचा प्रयत्न केला. स्टॉकहोमच्या वास्तूने तसा आभास निर्माण केला नाही. तू घराबाहेर आहेस, पण येथे तुझी वाट पाहिली जात होती, असा तिचा भाव आहे. पहिल्या प्रकारात स्वागत वस्तूंमधून घडते. दुसऱ्यात ते पावलांच्या क्रमातून घडते. अर्थात हा भेद वास्तुविशारदांच्या प्रतिभेपुरता मर्यादित नाही. पहिली संस्था खाजगी व्यवसायातून निर्माण झाली, तर दुसरी नगरपालिकेने नागरिकांसाठी उभारली. विकण्यासारखे काही नसल्यामुळे दुसरीला रिकामी जागा ठेवणे परवडले, हेही ध्यानात घ्यावयास हवे.

वस्तूंवर आधारलेल्या स्वागताची मर्यादा परधर्मीय व परप्रांतीय कुटुंबांना अधिक जाणवते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचे अंत्यविधी सामान्यतः फ्युनरल होममध्येच होतात. तेथील दालन ख्रिस्ती पद्धतीच्या दर्शनासाठी आखलेले असते. पादत्राणे कोठे काढावीत, जमिनीवर बसायचे तर खुर्च्या कोठे हलवाव्यात, देहाभोवती प्रदक्षिणा घालण्यास जागा आहे काय, गुरुजींनी पाणी, तांदूळ व फुले कोठे ठेवावीत, असे प्रश्न तेव्हा उभे राहतात. अग्निसुरक्षेच्या नियमांमुळे उघड्या अग्नीवर मर्यादा येतात. मग दाहयंत्राची कळ ज्येष्ठ पुत्राने वा कन्येने दाबणे, हेच मंत्राग्नीचे रूप ठरते. ज्या ठिकाणी खुर्च्या सुट्या असतात आणि दाहयंत्रापर्यंत कुटुंबाला जाता येते, तेथे हे विधी सुकर होतात. भरगच्च सजविलेल्या दालनापेक्षा मोकळे दालन अधिक लोकांचे स्वागत करू शकते, याचा हा पुरावा होय.

९. निष्कर्ष

१. अंत्यगृहाची अंतर्रचना हा मृत्यू घराबाहेर पडल्यामुळे निर्माण झालेला आधुनिक प्रश्न आहे.

२. फ्युनरल होमने हरवलेल्या दिवाणखान्याची पुनर्निर्मिती करून शोकग्रस्ताला ओळखीचे वातावरण दिले. परंतु त्याच छताखाली चालणाऱ्या विक्रीने त्या वातावरणावरील विश्वासाला बाधा आणली.

३. वनस्मशानभूमीत येणे, थांबणे, जवळ जाणे आणि परतणे या चार कृतींचे स्वतंत्र नियोजन झाले. तेथील शांतता प्रामुख्याने या नियोजनातून आलेली आहे.

४. प्रतीक्षाकक्ष हा अशा वास्तूचा दुय्यम भाग मानला जातो. प्रत्यक्षात शोकग्रस्ताच्या दृष्टीने त्याचे महत्त्व मुख्य दालनाइतकेच आहे.

मृतासाठी वास्तू फार थोडे करू शकते. जिवंतासाठी मात्र ती एक गोष्ट निश्चितपणे करू शकते : त्या दिवशी त्याला कोणताही लहानसा निर्णय घ्यावा लागू नये, अशी व्यवस्था. कोणत्या दाराने जावे, कोठे बसावे, केव्हा उठावे हे त्याला विचारावे लागले नाही, तर त्याचे सारे बळ रडण्यासाठी व आठवण्यासाठी शिल्लक राहते. चढताना हलकेच कमी होत जाणाऱ्या त्या पायऱ्यांनी हेच साधले आहे.